नळाला घाला स्वेटर!

आपल्याकडे थंडीचे तीन ऑफिशियल सिग्नल असतात. एक, महाबळेश्वरच्या वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात येतो. दोन, निफाडचा पारा किती घसरला याची बातमी येते. आणि तीन, एसीच्या टेम्परेचरवरून ऑफिसात वर्षभर चालणारं महायुद्ध आपोआप संपतं. मग काय, हुरडा पार्टी, कपाटातून काढलेलं जॅकेट, त्यात फोटो आणि टपरीवर चहाचा एक एक्स्ट्रा कप. थंडी ही आपल्यासाठी एन्जॉय करायची गोष्ट!

पण मंडळी, थंडीत नळाला काय वाटत असेल, असा विचार कधी केलाय? नाही ना? करायची गरजच पडत नाही. मला मात्र पडते. कारण मी राहते ट्रेलरमध्ये.

या कॉलमच्या नेहमीच्या वाचकांना आमचा पत्ता पाठ आहे. नव्या दोस्तांसाठी रिकॅप: मी आणि माझा नवरा, दोघंही सॉफ्टवेअरवाले, मुक्काम पोस्ट डॅलसच्या उत्तरेला एक आरव्ही पार्क. सव्वीस फुटी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर. गाडीच्या मागे लावून न्यायचं घर. दोन बर्नरची शेगडी, बाहुलीघराएवढं बाथरूम, जेवणाचं टेबल मोडलं की पाहुण्यांचा बेड. अपार्टमेंटचं भाडं वाचवायचं आणि ते पैसे नाशिकच्या फ्लॅटमध्ये घालायचे, असा आमचा साधा सरळ फंडा.

टेक्सास म्हणजे उकाडा, असं सगळ्यांना वाटतं. ते खरंही आहे, पण वर्षातले तीनशेसाठ दिवस. उरलेल्या पाचात उत्तरेकडून थंड हवेचा लोंढा येतो आणि एका दुपारीत टी-शर्टवरून थेट कानटोपीवर आणतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर डॅलसमध्ये पारा उणे एकोणीस सेल्सिअसला गेला होता. १९४९ नंतरची सगळ्यात कडक थंडी. त्या वेळी टेक्सासमध्ये पंचेचाळीस लाखांच्या वर घरं आणि ऑफिसं अंधारात गेली आणि सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं दगावली. तेव्हापासून इथे वेदरवाल्यानं 'फ्रीझ' असं नुसतं म्हटलं तरी सुपरमार्केटमधला ब्रेड आणि पाणी तासाभरात गायब होतं.

जानेवारी २०२५ मध्ये असाच एक अंदाज आला. दोनच रात्री, पण पारा फॅरनहाइटमध्ये विशीच्या खाली, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे सात-आठ. दिवसा शून्याच्या थोडं वर. इथल्या मानानं किरकोळच. पण त्या वेळी आमच्याकडे बाबा आले होते. त्यांना दम्याचा त्रास. म्हणजे त्या दोन रात्री हीटिंग बंद पडणं परवडणारं नव्हतं, आणि आमचं सगळं सेव्हिंग ज्या पत्र्याच्या डब्यात अडकलेलं, त्याचे पाइप फुटणंही परवडणारं नव्हतं.

पाइप फुटतो म्हणजे नेमकं काय?

कोल्ड्रिंकची बाटली फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात की काय होतं, ते सगळ्यांना माहितीय. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पण गंमत अशी, की पाइप बऱ्याचदा बर्फ जिथे होतो तिथे फुटतच नाही. बर्फाचा बोळा पाइपात वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो. त्या अडकलेल्या पाण्यावर दाब वाढतो, वाढतो आणि मग जिथे कच्चा दुवा असेल तिथे कडाक! नळ उघडा असेल तर दाबाला वाट मिळते आणि पाइप वाचण्याचा चान्स वाढतो.

हल्लीच्या ट्रेलरमध्ये पाइप असतात पेक्स नावाच्या प्लास्टिकचे. ते थोडे ताणले जातात, त्यामुळे बरेचदा वाचतात. मरतात ते त्यांचे नातेवाईक: प्लास्टिकच्या जोडण्या, पाण्याचा पंप, फिल्टरचं भांडं, टॉयलेटचा व्हॉल्व्ह आणि बाहेरच्या बाजूचा शॉवर. आणि हे गोठलेलं असताना कळत नाही. कळतं ते वितळल्यावर, म्हणजे ऊन पडून सगळे खूश झाले की भिंतीच्या आत धार लागते! ट्रेलरची भिंत म्हणजे पातळ प्लाय. एकदा ओली झाली की फुगते, बुरसते आणि मग रिपेअरचं बिल पाहून आपणच गोठतो.

सल्लागार मंडळ

नवऱ्याचा प्लॅन एका वाक्याचा होता. "दोन इलेक्ट्रिक हीटर लावू आणि झोपू."

ऐकायला झक्कास. पण यात दोन लोचे आहेत. पहिला विजेचा. आमच्या ट्रेलरचं कनेक्शन तीस अँपिअरचं, एकशे वीस व्होल्टवर. म्हणजे सगळं मिळून ३६०० वॉट. एक हीटर १५०० वॉटचा. दोन लावले की तीन हजार गेले. वर कुणी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायला ठेवलं की ब्रेकर खाली!

दुसरा लोचा जास्त डेंजर. आमच्या ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारी फर्नेस आहे. तिची गरम हवा खोलीत तर येतेच, पण एक डक्ट जमिनीखालच्या बंद पोकळीतही जातो. तिथेच पाण्याच्या टाक्या आणि पाइप आहेत. इलेक्ट्रिक हीटरनं खोली गरम केली की थर्मोस्टॅटला वाटतं, सगळं मस्त चाललंय. मग तो फर्नेस चालूच करत नाही. आपण वर रजईत घोरतोय आणि खाली पाइप कुडकुडतायत! म्हणून थंडीच्या रात्री फर्नेसलाच काम करू द्यायचं.

फर्नेस चालते प्रोपेनवर. इथला छोटा सिलिंडर नऊ किलोचा, म्हणजे आपल्या घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊ. फर्नेस सलग चालली तर एक सिलिंडर साधारण चौदा तासांत संपतो. आमच्याकडे दोन होते. दोन्ही फुल्ल करून आणले.

हे सगळं चाललं असताना बाबा कोपऱ्यात बसून फोन बघत होते.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. आम्ही मूळचे निफाडचे. होय, तेच पारा-फेम निफाड! घरची द्राक्षबाग. तीस-पस्तीस वर्षं बाबांनी सांभाळली, आता दादाकडे सोपवली. हा त्यांचा बागेशिवायचा पहिला हिवाळा. इथे दुपारचे चार वाजले की तिकडे पहाटेचे साडेतीन होतात. बरोबर त्या वेळी ते दादाला फोन लावायचे. "उठला का रे? किती झालं टेम्परेचर?" दादा बिचारा आधीच शेकोट्या पेटवून बसलेला असायचा. उरलेला दिवस बाबा खिडकीतून हायवे बघायचे. अमेरिकेत आलेल्या प्रत्येक आई-बाबांचं होतं तेच. इथे आपला काही उपयोग नाही, असं वाटणं. परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का, असं त्यांनी मला दोनदा विचारून झालं होतं.

फोन बाजूला ठेवून ते म्हणाले, "अगं, पण पाणी कुठून येतं, कुठं थांबतं आणि कुठं जातं, ते तरी दाखव आधी."

झालं! पुढचा तासभर आमचा सव्वीस फुटी बंगला त्यांनी बॅटरी घेऊन वरून-खालून तपासला. ठिबकच्या नळ्या आयुष्यभर जोडलेला माणूस. पोटावर झोपून ट्रेलरच्या खाली गेले. दमेकरी माणसानं त्या गारठ्यात असं करू नये, हे मी ओरडून सांगितलं. ऐकतंय कोण?

तीन प्रश्न, तीन उत्तरं

पाणी कुठून येतं? पार्कच्या नळाला लावलेल्या होजमधून. थंडीत सगळ्यात आधी गोठतो तो हाच, कारण तो उघड्यावर पडलेला असतो. तापणारा होज मिळतो, पण तो विजेवर चालतो आणि आमचा भरवसा विजेवरच नव्हता. मग सोपा मार्ग. ट्रेलरची आतली टाकी भरून घेतली, होज काढला, झटकून रिकामा केला आणि गुंडाळून आत ठेवला. दोन दिवस टाकीतलं पाणी पंपानं वापरायचं. टाकीतलं दीडशे लिटर पाणी पाइपातल्या पेलाभर पाण्यापेक्षा कितीतरी हळू गार होतं. रात्री झोपताना पंप बंद आणि नळ किंचित उघडे, म्हणजे दाब मोकळा.

पाणी कुठं थांबतं? पंप, फिल्टर, बाहेरचा शॉवर, सिंकखालचे कोपरे. फिल्टरचं भांडं काढून ठेवलं. बाहेरचा शॉवर रिकामा केला. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकली, म्हणजे खोलीची ऊब आत जाईल. पंपाच्या कपाटात थर्मामीटरचा वायरलेस सेन्सर ठेवला. पूर्वी लोक अशा कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उष्णतेनं काम व्हायचं. ऑगस्ट २०२३ पासून अमेरिकेत ते नेहमीचे पिवळे बल्ब विकणं बंद झालंय आणि एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही.

पाणी कुठं जातं? खाली दोन टाक्यांत. एक सिंक-शॉवरची, दुसरी... कळलं ना? इथे घराचा नियम ट्रेलरला चालत नाही. घरात म्हणतात, थंडीत नळ ठिबकता ठेवा. ट्रेलरमध्ये तसं केलं आणि खालचा व्हॉल्व्ह उघडा असेल, तर ते थेंब ड्रेनेजच्या पाइपात थराथरानं गोठतात आणि पाइप चोंदतो. म्हणून आधी टाक्या रिकाम्या केल्या आणि व्हॉल्व्ह बंद. सिंकखालच्या बाकदार ट्रॅपमध्ये थोडं गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ ओतायला आणून ठेवलं. हे गुलाबीच घ्यायचं हं! ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुतेक इथिलीन ग्लायकॉलचं आणि ते विषारी असतं.

शेवटी बाबांनी आपल्या मनानं एक काम केलं. पार्कमधून पुठ्ठे आणि फोमच्या शीट जमवून ट्रेलरच्या खालची वाऱ्याची बाजू बंद केली. वारा पाइपाला हवेपेक्षा जास्त गार करू शकत नाही, पण हवेइतकं गार लवकर करतो. वारा अडवला की तेवढा वेळ मिळतो.

आणि हो, टिपिकल आपल्या पद्धतीनं दोन पातेली, एक बादली आणि घरातल्या सगळ्या बाटल्या पाण्यानं भरून ठेवल्या. "उद्या पाणी येणार नाही" या वाक्यावर वाढलेली पिढी आहे आपली. त्याचा असा उपयोग होतो.

पहाटे तीन चाळीस

पहिली रात्र आरामात गेली. सेन्सर सहा सेल्सिअसच्या खाली आला नाही. नवरा म्हणाला, "उगाच टेन्शन घेतलं."

दुसऱ्या रात्री झोपण्याआधी बाबा बाहेर जाऊन आले. "वारं पडलंय. आभाळ स्वच्छ आहे. आजची पहाट वाईट." बागायतदाराला हे वेदर अॅप सांगत नाही. ढग नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि वारा नसला की गार हवा तळाशी साचते. सगळ्यात कडक वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्य उगवायच्या आसपासची असते. निफाडला शेकोट्या पहाटे पेटतात आणि विहिरीचं कोमट पाणी पहाटे बागेत सोडतात, ते त्यामुळेच. नाहीतर थंडीनं द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात.

तीन चाळीसला लाइट गेले. संपूर्ण पार्क काळाकुट्ट.

फर्नेस जळते गॅसवर, पण तिचा पंखा फिरतो बॅटरीवर. साधारण साडेसात अँपिअर खातो. आमची बॅटरी शंभर अँपिअर-अवरची, लेड-अॅसिड, त्यातली अर्धीच वापरायची. म्हणजे पन्नास भागिले साडेसात, साडेसहा तास. थंडीत बॅटरी त्याहून कमी देते, आणि आमची काही नवी नव्हती. सूर्य उगवणार साडेसातला, हवा शून्याच्या वर जाणार दहाच्या सुमाराला. आकडे जेमतेम जुळत होते. किंवा जुळत नव्हते.

नवरा म्हणाला, "तासभर वाट बघू या. येतील लाइट."

बाबा स्वेटर चढवत होते. "जावईबापू, पाणी पातळ आहे तोवरच काढता येतं. गोठल्यावर कोण काढणार?"

बस्स. हे वाक्य मी आता माझ्या क्यूबिकलमध्ये लिहून लावलंय. निम्म्या प्रोजेक्ट मीटिंगना लागू पडतं.

वीस मिनिटांत काम झालं. गीझरचा गॅस आणि स्विच बंद. त्यातल्या तेवीसेक लिटर गरम पाण्याला हात लावला नाही, कारण ते सकाळपर्यंत गोठणार नव्हतं आणि तापलेल्या गीझरचा प्लग उघडणं म्हणजे भाजून घेणं. टाकीची तोटी उघडली. पाइपांच्या सगळ्यात खालच्या टोकाला गरम आणि गार लाइनच्या दोन छोट्या तोट्या असतात, त्या उघडल्या. आतले सगळे नळ उघडले, म्हणजे वरून हवा आत आली आणि पाणी खाली पळालं. पंप काही सेकंद कोरडा चालवून त्यातलंही काढलं. ट्रॅपमध्ये आणि टॉयलेटमध्ये गुलाबी पाणी. फर्नेस माणसांसाठी चालू ठेवली. पाइपांची काळजी मिटली होती, आता बॅटरी फक्त बाबांसाठी होती. ती संपली असती तर गाडीत बसून पंचवीस मिनिटांवरच्या मित्राच्या अपार्टमेंटमध्ये जायचं, हे आदल्या दिवशीच ठरवलेलं होतं.

एक गोष्ट मात्र ठाम ठरवून केली नाही. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवली नाही. २०२१ च्या त्या २४६ मृत्यूंपैकी १९ कार्बन मोनॉक्साइडमुळे झाले होते. या वायूला वास नसतो. बंद डब्यात शेगडी, कोळसा किंवा दाराशी जनरेटर, तिन्हीला सक्त मनाई.

पाच वीसला लाइट आले.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. सगळं भरलेलं पाणी जमिनीवर सांडलेलं आणि त्याची काच झालेली. "म्हणजे नसतं काढलं तरी चाललं असतं."

बाबा म्हणाले, "चाललं असतं. शेकोटी पेटवली आणि रात्र सोपी गेली, तर लाकडं वाया गेली म्हणून कुणी रडत नाही."

दुपारी ऊन आल्यावर तोट्या बंद केल्या, टाकी पुन्हा भरली, पंप लावला. ही खरी परीक्षा. नळ बंद असताना पंप थोडा वेळ घरघरतो आणि थांबतो. थांबून गप्प बसला तर लाइन शाबूत. मधूनच परत घरघरला तर कुठेतरी गळतंय. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. पंप थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं, दहा मिनिटं. गप्प!

शेजारच्या ट्रेलरमधल्या आजींचा पंप मात्र गप्प बसत नव्हता. बाबा बॅटरी घेऊन तिकडे गेले. त्यांना इंग्लिश येत नाही, आजींना मराठी. तासाभरानं बाहेरच्या शॉवरची तडकलेली प्लास्टिकची जोडणी हातात घेऊन परत आले. "मण्याला तडा जातो ना, तस्साच गेलाय बघ."

तिकिटाचा विषय त्यांनी परत काढला नाही. चार वाजता दादाला फोन मात्र लावला. या वेळी टेम्परेचर त्यांनी सांगितलं, इथलं.

आता तुमच्यासाठी

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? तर बॉस, महाराष्ट्रानं २०२१ मध्येच कॅराव्हॅन टुरिझमचं धोरण आणलंय आणि कॅम्पर भाड्यानं घेऊन डोंगरात जायची हौस वाढतेच आहे. कोकणात जाणार असाल तर चिंता नको. पण हिवाळ्यात मनालीच्या वर, स्पितीला किंवा लडाखला न्यायची स्वप्नं असतील तर एवढं लक्षात ठेवा:

पारा शून्याखाली काही तास राहणार असेल, तर संध्याकाळीच होज काढा. नळ उघडे, पंप बंद. पहाटे चार ते आठ जागं राहायची तयारी ठेवा. खात्री नसेल तर पाणी काढून टाका, बाटल्या-बादल्यांवर दिवस निघतो. गोठलंच, तर हेअर ड्रायरनं हळूहळू वितळवा, पेटती ज्योत पाइपाजवळ नेऊ नका. आणि आपला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वाफ देत राहतं, ब्युटेन मात्र शून्याच्या जेमतेम खालीच आळसावतं. त्यामुळे कडक थंडीत सिलिंडर भरलेला असूनही शेगडी रुसू शकते. त्यावर भरवसा ठेवून निघू नका.

आणि सोबत शक्य झालं तर एखादा शेतकरी न्या. त्याच्याकडे थंडीचं अॅप इनबिल्ट असतं!